वळी, आठी आणि सुरकुती

इंग्रजीत ‘रिंकल’ म्हटले की चेहरा, कपाळ आणि चादर सगळे एका शब्दात उरकते. मराठीत तसे चालत नाही. मी व्यवसायाने संगणकवाला, भाषाशास्त्री नव्हे. पण एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या की घोटाळा होतो, हे आमच्या धंद्यातही लवकरच कळते.

वयाने कातडीवर पडते ती सुरकुती. रागाने किंवा काळजीने कपाळावर चढते ती आठी. मन निवळले की ती उतरते, सुरकुती उतरत नाही. इस्त्री मोडून कपड्याला पडते ती चुणी, आणि साडी नेसताना आपण मुद्दाम घालतो ती निरी. उसाच्या शेतात दोन वरंब्यांमधून पाणी वाहते ती सरी.

मग वळी कोणती? मांसल कातडी स्वतःवरच दुमडून मध्ये खाच तयार होते, ती वळी. गुटगुटीत बाळाच्या मानेला आणि मांड्यांना ती असते. खुर्चीत बसल्यावर आपल्यापैकी अनेकांच्या पोटालाही! हा शब्द संस्कृत ‘वलि’पासून आला. संस्कृत कवींनी नायिकेच्या पोटावरील ‘त्रिवली’ला सौंदर्य मानले, तर ‘वलीपलित’ म्हणजे सुरकुत्या आणि पिकले केस, म्हणजेच म्हातारपण. सुश्रुताने गुदमार्गातील तीन वळ्यांना प्रवाहणी, विसर्जनी व संवरणी अशी नावे दिली. संस्कृतात वळी आणि सुरकुती एकाच शब्दात नांदत होत्या. मराठीने त्यांची वाटणी केली.

मेंदूलाही वळ्याच असतात. त्याचा बाहेरचा थर जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाड; त्याचा सुमारे दोन-तृतीयांश पृष्ठभाग खाचांत दडलेला असतो, म्हणून तो कवटीत मावतो.

हा भेद केवळ हौसेचा नाही. आजी फोनवर विचारते, “बाळाच्या मानेच्या वळ्या पुसून कोरड्या करतेस ना गं?” तिथे दूध आणि घाम साचून कातडी लाल होते. अमेरिकेत वाढलेल्या आईला ‘वळी’ ठाऊक नसेल, तर तिला ‘वळ’ ऐकू येईल. वळ म्हणजे माराची खूण! आजीचे बोलणे डॉक्टरांना सांगताना वळीचा वळ झाला तर? मुलाला मारहाण झाल्याचा संशय आल्यास इथल्या डॉक्टरांना कायद्याने कळवावे लागते.

तेव्हा आपल्या मुलांना हे शब्द यादी करून पाठ करायला लावू नका. बाळाला न्हाऊ घालताना, साडी नेसताना, कपडे वाळत घालताना त्या त्या जागी बोट ठेवून सांगा. शब्द तिथेच पक्का होतो.