एक तास वीस मिनिटं म्हणजे १.२० तास नव्हे

बडनेऱ्याहून अकोल्याकडे निघालं, की राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी आणि माना ही गावं लागतात. जून २०२२ मध्ये याच पट्ट्यात डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. एका लेनच्या हिशेबाने ७५ किलोमीटरचा थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, सुमारे २५ किलोमीटरचा होता.

या कामाचा वेग काढू. ३३ मिनिटं म्हणजे ३३ भागिले ६०, अर्थात ०.५५ तास. ७५ ला १०५.५५ ने भागलं, की ताशी ०.७१ किलोमीटर येतात. मिनिटाला जेमतेम १२ मीटर. पायी चालणारा माणूस मिनिटाला ८० मीटर सहज जातो. तरीही विक्रम झाला, कारण काम थांबलं नाही. अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ. वेग तोकडा असला, तर ती कसर वेळेने भरून काढता येते.

सूत्र सोपं आहे, घोळ होतो तो एककांचा. बडनेरा ते अकोला रेल्वेने सुमारे ८० किलोमीटर. समजा, गाडीचा सरासरी वेग ताशी ६० आहे आणि तिला एक तास वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा, म्हणून ६० अधिक २०, बरोबर ८०. पण घाईत १.२० ने गुणलं, तर उत्तर ७२ येतं आणि गाडी अकोल्याच्या आठ किलोमीटर अलीकडेच उभी राहते!

दुसरी गोष्ट सरासरीची. याच प्रवासात गाडी मूर्तिजापूरला आणि सिग्नलला मिळून दहा मिनिटं थांबली असेल, तर धावण्याची वेळ ७० मिनिटंच उरते. म्हणजे धावताना तिचा वेग ताशी ६९ च्या आसपास होता. थांबे धरायचे की वगळायचे, हे आधी ठरवावं लागतं.

जाता-येताचा हिशेबही असाच फसवतो. बडनेऱ्याहून अमरावती दहा किलोमीटर धरू. जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०. सरासरी ५० वाटते. पण वेळ लागला १५ अधिक १० मिनिटं. २५ मिनिटांत २० किलोमीटर, म्हणजे सरासरी ४८. कमी वेगात जास्त वेळ गेला, म्हणून त्या वेगाचं वजन जास्त.

हेच गणित हँडल हातात असताना जिवाचं होतं. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. मोबाइलकडे तीन सेकंद पाहिलं, तर ६६ मीटर रस्ता न बघताच गेला. तेवढ्यात म्हैस आडवी येते, ट्रॅक्टर वळतो. तेव्हा गाडी चालवताना फोन खिशात ठेवा. घरी मुलांना हा गुणाकार मात्र जरूर करायला लावा.