टाळू न भरलेले प्रवासी

‘एवढंसं पाखरू जाळ्यात धरायचं, त्याच्या पायात कडं अडकवायचं आणि सोडून द्यायचं. यातून हाती काय लागतं?’ अमेरिकेतल्या पक्षी-केंद्राचा व्हिडिओ पाहून साताऱ्याच्या एका वाचकाने विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. समुद्रकाठच्या केंद्रांपुरतं उत्तर द्यायचं तर हाती लागतात त्या मुख्यतः चुका. आणि त्या फार मोलाच्या असतात.

मॅसॅच्युसेट्समध्ये प्लिमथजवळ, केप कॉडच्या उपसागरावरच्या कड्यावर मॅनोमेट हे असंच एक केंद्र आहे. तिथे १९६६ पासून हे काम चालू आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर, म्हणजे पाखरं दक्षिणेकडे निघतात तेव्हा, झुडपांमधून बारा-बारा मीटर लांबीची काळी जाळी ताणलेली असतात. दोरा इतका बारीक, की पहाटेच्या उजेडात माणूसही त्यात अडकेल. पाखरू आदळतं आणि जाळीच्या झोळात अलगद पडतं. तिथून ते कापडी पिशवीत जातं, पिशवीतून टेबलावर. कडं चढतं, पंख मोजला जातो. मग कोणीतरी त्याच्या छातीपोटावर हलकेच फुंकर घालतं. पिसं बाजूला होतात आणि पातळ कातडीखालची पिवळी चरबी दिसते. प्रवासाची शिदोरी किती शिल्लक आहे, हे एका फुंकरीत कळतं!

वय कळण्याची तऱ्हा तर मला सगळ्यांत आवडते. डोक्यावरची पिसं ओली करून भांग पाडायचा आणि कातडीतून कवटी पाहायची. त्याच वर्षी जन्मलेल्या पिल्लाची कवटी एकपदरी असते, गुलाबीसर दिसते. पुढे आतून दुसरा पदर धरतो, दोन पदरांमध्ये बारीक खांब उभे राहतात आणि कवटी पांढुरकी, ठिपकेदार होते. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालताना आजी टाळू चाचपून ‘अजून भरली नाही’ म्हणते, तसाच हा प्रकार. हाडाची घडण वेगळी, नजर तीच.

आता आकडे पाहा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शरदात सापडणाऱ्या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांपैकी शंभरात ८५ ते ९५ टाळू न भरलेलेच निघतात. ‘यंदा पिल्लांचं भरघोस पीक!’ असा मथळा द्यायचा मोह होतो, पण तो आवरावा. कारण थोडं आत, जमिनीवरच्या केंद्रांत हे प्रमाण बरंच कमी भरतं. सी. जॉन राल्फ या पक्षीशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये मांडलं, की किनारा हा या पक्ष्यांच्या वाटेचा मध्य नसून काठ आहे. ही पाखरं रात्री उडतात आणि बहुतेकांना वाट दाखवायला आईबाप सोबत नसतात. थंड हवेच्या लाटेमागून वायव्येचा वारा सुटतो आणि समुद्राकडे ढकलतो. जाणती पाखरं आतूनच जातात. नवखी भरकटतात आणि उजाडताना खाली पाणी दिसलं की पहिल्या जमिनीकडे वळतात. तिथे जाळी उभीच असतात. अपवाद आहेतच. ब्लॅकपोल वार्बलर हा बारा ग्रॅमचा जीव चरबी साठवून वजन जवळजवळ दुप्पट करतो आणि मुद्दामच अटलांटिकवरून दोन-तीन दिवस न थांबता उडतो.

पण नवखेपणामुळे वाट चुकते, हे सिद्ध कसं करायचं? याचं सुरेख उत्तर डच संशोधक ए. सी. पर्डेक यांनी १९५८ मध्ये छापलं. हेगजवळ शरदात उतरणारे अकरा हजारांहून अधिक स्टार्लिंग, म्हणजे साळुंकीचे भाऊबंद, पकडले गेले, कडी घातली गेली आणि विमानाने थेट स्वित्झर्लंडला नेऊन सोडले गेले. यांचा हिवाळा एरवी इंग्लंड आणि उत्तर फ्रान्सच्या बाजूला जायचा. मोठे पक्षी हवेत उठले आणि वायव्येकडे वळले. जिथे जायचं होतं तिथे निघाले. पिल्लांनी मात्र हेगहून जी दिशा धरली असती तीच स्वित्झर्लंडहून धरली आणि दक्षिण फ्रान्स, स्पेन गाठलं. पिल्लांजवळ दिशा होती, ठिकाण नव्हतं.

हे सगळं कळलं ते कडंवाली पाखरं सापडलेल्या लोकांनी पाठवलेल्या पत्रांमुळे. अमेरिकेत पक्षीचित्रकार ऑड्युबनने फीबी पक्ष्याच्या पिल्लांना चांदीचा धागा बांधला आणि पुढच्या वसंतात तीच परत आली, ही गोष्ट पुस्तकापुस्तकांतून फिरते. पण त्या वसंतात, १८०५ मध्ये, स्वारी फ्रान्समध्ये होती, असं आता जुन्या कागदपत्रांवरून दिसतं! शिवाय धाग्यावर पत्ता कुठे असतो? खरा मान डेन्मार्कच्या व्हिबोर्गमधल्या हान्स मॉर्टेन्सन या शाळामास्तरांचा. जस्ताची कडी जड होतात हे अनुभवाने कळल्यावर त्यांनी १८९९ मध्ये स्टार्लिंगच्या पायात ॲल्युमिनियमची कडी घातली. प्रत्येकावर क्रमांक आणि गावाचं नाव. पाखराचं पोस्टकार्ड झालं ते तेव्हा. १९५९ पासून सालिम अलींच्या पुढाकाराने भारतात मोठ्या प्रमाणावर कडी चढू लागली, तेव्हा त्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, असा मजकूर होता. तेव्हा साताऱ्यात कधी कडंवालं पाखरू सापडलं तर क्रमांक नीट उतरवून घ्या आणि मुंबईला कळवा.

पर्डेकची पत्रंही त्या एका हिवाळ्यात संपली नाहीत. पुढच्या हिवाळ्यांतही ती येत राहिली. चुकून दक्षिणेला गेलेली ती पिल्लं आता मोठी झाली होती, टाळू भरली होती. त्यांच्यातली काही हिवाळ्याला पुन्हा तिकडेच गेली होती, या वेळी कोणी विमानाने न नेता.