जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील मेंढीबाजार

जुन्नर व आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुके होत. येथील मेंढीपालन प्रामुख्याने धनगर समाजाकडे असून मेंढपाळाच्या हाती येणारी बहुतेक रोख रक्कम कोकरांच्या विक्रीतून मिळते.

पार्श्वभूमी

या तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या पावसाचा, तर पूर्व भाग अवर्षणाचा आहे. पूर्वेकडील माळरानांवर दख्खनी जातीची मेंढी टिकून राहिली. शेजारच्या पारनेर तालुक्यातील धनगरही पावसाळ्यानंतर माळशेज घाटातून कल्याण-भिवंडीकडे उतरतात व मृगापूर्वी परततात. वाटेत शेतात मेंढरे बसविण्याच्या मोबदल्यात धान्य किंवा रोख रक्कम मिळते. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर पूर्वी घोंगड्यांसाठी विकली जाई. आता अनेकदा कातरणीचा खर्चही लोकरीतून निघत नाही. त्यामुळे कळपाचा सारा भार मांसाच्या बाजारावर आला आहे.

भाव कसा ठरतो

जुन्नर तालुक्यातील बेल्हे येथील सोमवारचा आणि खेड तालुक्यातील चाकण येथील शनिवारचा जनावरांचा बाजार हे या परिसरास जवळचे. मात्र बरीच विक्री बाजारात न होता थेट वाड्यावर होते. व्यापारी किंवा खाटीक तेथे येऊन कोकरू हाताने चाचपतो व नगावर भाव सांगतो. वजनकाटा क्वचितच वापरला जातो. मांसाचा दर किलोवर आणि कोकराचा दर अंदाजावर ठरत असल्याने, रोज डझनावारी जनावरे पाहणाऱ्याचा अंदाज मेंढपाळाच्या अंदाजापेक्षा सरस ठरतो.

दख्खनी नर कोकरे साधारणतः तीन-चार महिन्यांची झाली की विकली जातात. फिरत्या वाड्याला ती अधिक काळ पोसणे परवडत नाही. पुढील वाढीचा नफा ती विकत घेऊन बंदिस्त पद्धतीने पोसणाऱ्यांकडे जातो. वर्षभरातील मागणी सणांप्रमाणे हलते. चैत्रातील गावजत्रा व आखाड यांमुळे भाव चढतो, तर श्रावणात तो बसतो. बकरी ईद चांद्रवर्षानुसार दरवर्षी सुमारे 11 दिवस आधी येते. त्यामुळे ईदसाठी जनावर तयार करण्याचे वेळापत्रक कळपाच्या विण्याच्या हंगामाशी प्रत्येक वर्षी जुळत नाही. कुर्बानीस निर्व्यंग जनावर लागते. लंगडे किंवा डोळा गमावलेले जनावर त्या बाजारात चालत नाही.

शेजारील राज्यांचाही परिणाम होतो. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे 27 लाख, तर तेलंगणात सुमारे 1 कोटी 90 लाख मेंढ्या नोंदल्या गेल्या. तेलंगण सरकारने 2017 पासून अनुदानावर वाटलेल्या मेंढ्या शेजारच्या राज्यांतून खरेदी करण्यात आल्या. महाराष्ट्रातही त्याच वर्षी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना सुरू झाली. तिच्यात 20 मेंढ्या व 1 नर अशा गटासाठी 75 टक्के अनुदान होते.

निर्यात

भारतातून शेळी-मेंढीचे मांस मुख्यतः संयुक्त अरब अमिरात, कतार, कुवेत आदी आखाती देशांना जाते. ही निर्यात देशातील उत्पादनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. निर्यातीच्या मांसासाठी अपेडाकडे नोंदणी असलेला कत्तलखाना, पशुवैद्यकीय प्रमाणपत्र व शीतसाखळी लागते. एकट्या वाड्याला ती साखळी उभारता येत नाही. म्हणून आखातातील दर वाढला तरी त्यातील फारच थोडा वाटा वाड्यापर्यंत पोहोचतो.

जिवंत जनावरांच्या निर्यातीचा प्रश्न अधिक वादग्रस्त ठरला. 30 जून 2018 रोजी नागपूर विमानतळावरून शारजा येथे शेळ्या-मेंढ्या पाठविण्याचे ठरले होते. धनगर समाजाचे नेते व तत्कालीन खासदार विकास महात्मे यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. जैन संघटना व प्राणिमित्रांच्या विरोधानंतर ते उड्डाण स्थगित झाले. 2023 मध्ये केंद्र सरकारने पशुधन आयात-निर्यात विधेयकाचा मसुदाही विरोधामुळे मागे घेतला.

उत्पादनवाढ व जोखीम

दख्खनी मेंढी सहसा एका वेळी एकच कोकरू देते. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचे जुळे देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ विकसित केली. दोन कोकरांना पुरेल इतके दूध व चारा असेल तरच तिचा लाभ होतो. फिरत्या कळपात नेमकी त्याचीच वानवा असते.

डिंभे, माणिकडोह आदी धरणांनंतर ऊस वाढला, चराईची पडीक जमीन घटली आणि उसात बिबट्याचा वावर वाढला. रात्री वाघुरीच्या जाळीआड बसलेली मेंढरे त्याला सहज सापडतात, आणि मेंढपाळाचे कुटुंबही शेजारीच उघड्यावर झोपलेले असते. बिबट्याने मेंढी मारल्यास वन विभाग पंचनाम्यानंतर ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई देतो. त्यासाठी वाड्याला मुक्काम लांबवून मृत जनावर जागेवर राखावे लागते.