माशांची शिडी

सुटीच्या दिवसांत धरण पाहावयास जाण्याची हौस आपल्याकडे पुष्कळांस आहे. सांडव्यावरून कोसळणारें पाणी पाहावें, जलाशयाच्या कांठीं फराळ करावा आणि सायंकाळीं घरीं परतावें, हा क्रम ठरलेलाच असतो. परंतु धरणाची भिंत केवळ पाणीच अडविते असें नाहीं; नदींतून येणाऱ्या-जाणाऱ्या जीवांची वाटही ती अडविते. ही गोष्ट प्रेक्षकांस प्रत्यक्ष पाहतां येईल अशी सोय ज्या एका धरणावर केली आहे, त्याची हकीकत आम्ही येथें देत आहों.

अमेरिकेच्या वायव्य भागांतील कोलंबिया नदी कॅनडांत उगम पावून, सुमारें १,२४० मैल वाहून पॅसिफिक महासागरास मिळते. पोर्टलंड शहराच्या पूर्वेस सुमारें ४० मैलांवर या नदीवर बॉनव्हिल धरण आहे. अध्यक्ष रूझव्हेल्ट यांनीं २८ सप्टेंबर १९३७ रोजीं त्याचें उद्‌घाटन केलें.

या नदींतील सामन मासा गोड्या पाण्याच्या ओढ्यांत जन्मतो, लहानपणींच समुद्रांत जातो, आणि कांहीं वर्षांनीं अंडीं घालण्यासाठीं बहुधा आपल्या जन्मस्थानींच परत येतो. जन्माच्या ओढ्याच्या पाण्याचा वास त्यास वाट दाखवितो. नदींत शिरल्यावर तो अन्न जवळजवळ वर्ज्य करितो. अंगांतील सांठलेल्या शक्तीवरच त्यास सारी चढण चढावी लागते. अशा प्रवाशापुढें उंच भिंत उभी राहिली तर त्याचा वंश खुंटावयाचा!

म्हणून धरणाच्या कडेनें माशांसाठीं शिडी बांधिली आहे. शिडी म्हणजे एकापुढें एक अशी पाण्याच्या कुंडांची रांग होय. प्रत्येक कुंड खालच्या कुंडाहून सुमारें १ फूट उंच असतें. वाहत्या पाण्याच्या ओढीस तोंड देत, मधल्या भिंतींच्या भोंकांतून किंवा त्यांवरून मासे वर वर जातात. शिडीच्या बाजूस जाड काचेच्या खिडक्या आहेत. त्यांतून प्रेक्षकांस सामन हातभर अंतरावरून जातांना दिसतो. लँप्रे नांवाचा, वामेसारखा लांबट प्राणी तोंडानें काचेस चिकटून विसांवा घेतांना दिसतो. सप्टेंबरांत सामनांची गर्दी विशेष असते. १९३८ सालापासून येथें माशांची मोजदाद ठेविली जात आहे.

जवळच जहाजांसाठीं लॉक आहे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांस दरवाजे असलेला प्रचंड हौद. पडाव आंत शिरला कीं मागचा दरवाजा मिटतात व वरच्या बाजूचें पाणी आंत सोडितात. पाण्याबरोबर पडावही उचलला जातो. यास पंप लागत नाहीं. पाण्याचा उताराकडे धांवण्याचा स्वभावच हें काम करितो.

इतकें पाहून प्रेक्षकाचें समाधान होतें. पण शिडीनें अर्धाच प्रश्न सुटतो. समुद्राकडे निघालेलीं सामनाचीं पिलें शिडी शोधीत नाहींत. तीं प्रवाहाबरोबर वीज निर्माण करणाऱ्या चक्रांत सांपडूं शकतात. त्यांच्यासाठीं जाळ्या, निराळे मार्ग आणि सांडव्यावरून सोडलेलें पाणी असे उपाय योजावे लागले. याच नदीवर वर बांधलेल्या ग्रँड कूली धरणास तर शिडीच नाहीं. त्यापलीकडचे ओढे सामनास मुकले. आणि १० मार्च १९५७ रोजीं डॅल्स धरणाचे दरवाजे मिटतांच, जेथें मूळचे रहिवासी हजारों वर्षें मासे धरीत आले होते, तो सिलायलो धबधबा कांहीं तासांत पाण्याखालीं गेला. धरणांनीं वीज दिली, जलमार्ग दिला, हें खरें. परंतु त्याची किंमत कोणी भरली, हेंही जमाखर्चांत मांडिलें पाहिजे.

आमच्या विद्यार्थ्यांनीं १९२६ सालीं पुरें झालेल्या भंडारदऱ्याच्या किंवा आपल्या गांवाजवळच्या धरणावर सहलीस अवश्य जावें. मात्र भिंतीची उंची विचारून थांबूं नये. नदीकांठच्या वृद्धांस व मासे धरणाऱ्यांस विचारावें कीं, पूर्वी येथें कोणते मासे येत, आतां कोणते येतात, आणि या पाण्याखालीं कोणाचीं शेतें गेलीं? मिळालेलीं उत्तरें वहींत टिपून ठेवावीं. मग सहलीचा आनंद कमी न होतां, त्यांत ज्ञानाची भर पडेल.