शोभा गुर्टूंचा मुलगा आणि लंडनची ती मैफल

शिरूर कासारच्या गानवेड्यांनो, ठुमरीवाल्या शोभा गुर्टू आपल्याला ठाऊक आहेतच. त्यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा त्रिलोक जॅझ फ्यूजनमध्ये जगभर गाजला. नोव्हेंबर १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या मैफलीचा लाइव्ह अल्बम ऐकाच!

माणसं तीनच. गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन, इलेक्ट्रिक बासवर काय एकहार्ट, तालवाद्यांवर त्रिलोक. गिटार नायलॉनच्या तारांची, पण सिंथेसायझरला जोडलेली; त्यामुळे मध्येच अख्खा वाद्यवृंद साथीला आल्यासारखा वाटतो. त्रिलोक गुडघे टेकून वाजवतात, तबला आणि ड्रम एकाच बैठकीत. वाजती घंटा पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवणं, ही त्यांची खासियत.

सुरुवात ‘मदर टंग्ज’पासून करा. त्यातले तोंडी बोल तबल्याच्या शौकिनांना लगेच भिडतील. आवडला तर पुढे पाठवा!