तापीकाठची दोन घरे

मे महिना संपत आला की अमळनेर, धरणगाव, नरडाणा, दोंडाईचा यांपैकी कोणत्याही स्थानकावर जाऊन उभे राहा. सुरतेकडे जाणारी गाडी आली की डब्याच्या दारात तीच गर्दी आणि तीच गाठोडी दिसतात. कोणाच्या डोक्यावर कळण्याच्या पिठाची पिशवी, कोणाच्या हातात उडदाचे पापड आणि लोणच्याची बरणी, कोणाच्या कडेवर सुट्टीत उन्हात खेळून काळवंडलेले लेकरू. या वर्षी अशाच गर्दीत आम्हाला एक गृहस्थ भेटले. वय सत्तरीचे, अंगात पांढरा सदरा, सोबत पत्नी आणि नातू, आणि खांद्यावर सात-आठ फुटांची बांबूची काठी. काठीला तंगुसाची दोरी गुंडाळलेली होती.

जयभीम घालून आम्ही विचारले, "नाना, ही काठी सुरतेला कशाला?"

नाना हसून म्हणाले, "गळ टाकायला. तिकडे तरी नदी कोणती आहे, भाऊ? आपली तापीच ना!"

नानांचे बोलणे खरे आहे. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावलेली तापी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून वाहत गुजरातेत जाते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेजवळ समुद्राला मिळते. वाटेत पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर या आपल्या नद्या तिला मिळतात. नदी ज्या वाटेने गेली त्याच वाटेने आपली माणसेही गेली. साधारण १९०० सालापासून तापी व्हॅलीच्या रेल्वेने खानदेश सुरतेला जोडला. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांत आज अहिराणी बोलणारी घरे गल्लोगल्ली आहेत.

दुष्काळातून मागावर

नानांचे गाव अमळनेर तालुक्यात, तापीच्या काठी. शेत नव्हते. १९७२ च्या दुष्काळात आई-वडिलांबरोबर त्यांनी खडी फोडली. १९७४ साली, एकोणिसाव्या वर्षी, गावच्या एका माणसाचा पत्ता खिशात घालून ते सुरतेला उतरले आणि कापडाच्या मागावर लागले. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मागांच्या खडखडाटाने आज त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते. आठ जणांनी मिळून एक खोली घेतली होती. दिवसपाळीचे चौघे उठले की त्याच गोधड्यांवर रातपाळीचे चौघे झोपायचे.

त्या दिवसांत सुट्टीच्या दिवशी खोलीत बसायलाही जागा नसे. म्हणून नाना नदीवर जाऊ लागले आणि गळाचा नाद लागला. पण हा नाद मूळचा गावचा. नाना सांगतात, "लहानपणी गावात आमचा पाणवठा वेगळा, खालच्या अंगाला. वरच्या घाटावर पाय ठेवायची सोय नव्हती. सुरतेला पहिल्यांदा गळ टाकून बसलो, तेव्हा तासभर मागे वळून पाहत होतो, कोणी उठवायला येतं की काय. कोणी आलं नाही."

गळाची विद्या

गळ टाकणे म्हणजे आळशी माणसाचे काम, असे ज्याला वाटते त्याने नानांजवळ एक तास बसावे. कोणता मासा पाण्याच्या कोणत्या थरात चरतो हे आधी ठाऊक पाहिजे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. म्हणून मृगळासाठी दोरीला शिशाचा तुकडा बांधून गळ तळाला न्यायचा. कटल्यासाठी बुचाचा तुकडा बांधून गळ वरच तरंगत ठेवायचा. आमिष म्हणून घट्ट मळलेल्या कणकेची गोळी किंवा गांडूळ. मरळ मात्र शिकारी जातीची. ती चिखलातही तग धरते आणि वर येऊन हवा घेते. तिला जिवंत आमिष लागते.

नानांचे काही नियम आहेत. धरणाखाली पात्रात उतरायचे नाही. पावसाळ्यात हतनूरचे किंवा उकाईचे दरवाजे उघडले की कोरड्या खडकावर उभ्या असलेल्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. धरण-तलावात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तिथे विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही. ती त्यांची रोजीरोटी आहे. शहराच्या गटारीचे आणि कारखान्यांचे रंगीत पाणी जिथे मिसळते तिथला मासा घरी आणायचा नाही. आणि तुटलेला तंगूस काठावर टाकायचा नाही, पाखरांचे पाय त्यात अडकतात.

पण घरात या नादावर एकमत नाही. आक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, गाडीत आमच्यासमोरच म्हणाल्या, "सकाळी विहारात पंचशील म्हणता, पहिलं शील प्राण्यांची हिंसा न करण्याचं, आणि दुपारी गळ घेऊन निघता. नातवाने काय शिकायचं?" नानांजवळ याचे पुरते उत्तर नाही. ते एवढेच सांगतात की घरात जेवढे खपते तेवढेच आणतो, मासे अंडी घालतात त्या पावसाळ्यात गळ गुंडाळून ठेवतो आणि पौर्णिमेला नदीवर जात नाही. आक्कांचे समाधान झालेले नाही. त्या रस्सा करून देतात, पण स्वतः खात नाहीत.

सुरतेचे घर

वीस वर्षे भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर नानांनी लिंबायत भागात खाडीजवळ एक खोली घेतली. जागा स्वस्त मिळाली त्याचे कारण पहिल्याच पावसाळ्यात कळले. खाडी भरली की पाणी दारात येते. तेव्हापासून गेली तीस वर्षे हे घर थोडे थोडे सुधारत गेले आहे. पहिल्या बोनसमध्ये जोते दोन फूट उचलले. पुढे पोटमाळा केला. विजेचे मीटर आणि बटणांचा बोर्ड छातीच्या वर नेला. धान्याची कोठी विटांच्या चौथऱ्यावर ठेवली. घराचे कागद, दाखले आणि बँकेची पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटमाळ्यावरच्या पेटीत ठेवली. खाडीकाठच्या किंवा नाल्याकाठच्या प्रत्येक घराने एवढे तरी करावे, मग ते सुरतेत असो की धुळ्यात पांझरेच्या काठी.

तीन वेळा गावाने सांभाळले

मग गावच्या घराची गरज काय? नानांचा मुलगा गेल्या दिवाळीला हेच म्हणाला. "वर्षाचे अकरा महिने कुलूप. दर वर्षी हजारो रुपये त्या मातीत जातात. विकून टाकू आणि इथे वरचा मजला बांधू." मुलाचे म्हणणे चुकीचे नाही. त्याला दोन मुले आहेत आणि एका खोलीत सहा माणसे राहतात.

नानांनी उत्तरादाखल तीन वर्षे सांगितली. १९९४ चा सप्टेंबर. सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने पळाली. गावातले लोक सुरतवाल्यांना लांबूनच बोलत होते. आपले घर होते म्हणून दार लावून आत राहता आले. दुसरे वर्ष २००६. ऑगस्टमध्ये उकाईतून प्रचंड पाणी सोडावे लागले, सुरतेचा बराचसा भाग बुडाला, माग पाण्यात गेले आणि काम थांबले. बायको-पोरे दोन महिने गावी राहिली. तिसरे २०२०. टाळेबंदीत गाड्या बंद आणि पगार बंद. तेव्हा हाच मुलगा लेकरांना घेऊन, मिळेल त्या वाहनाने आणि उरलेले अंतर पायी, गावच्या घरी पोहोचला होता.

"घर पडी गयं, ते गाव बी गयं," आक्का अहिराणीत म्हणाल्या.

युरोपात पोर्तुगाल नावाचा देश आहे, ज्याने १९६१ पर्यंत गोव्यावर राज्य केले. तिथल्या खेड्यांत आज इंग्लंडसारख्या देशांतून आलेली पेन्शनर माणसे राहतात. पडकी दगडी घरे विकत घेतात, हाताने दुरुस्त करतात आणि नदीवर गळ टाकून बसतात. त्यांच्यासाठी तो उतारवयातला आनंद आहे. आपल्या माणसालाही पडके घर आहे, नदी आहे, गळही आहे. फरक एवढाच की आपल्याला घर दुरुस्त करावे लागते ते पुढच्या संकटासाठी.

धाब्याच्या घराची काळजी

नानांचे गावचे घर जुन्या धाब्याचे. असे घर आपल्या हजारो कुटुंबांचे आहे, म्हणून त्यांनी या मे महिन्यात काय केले ते सविस्तर देतो.

पहिले काम छताचे. धाब्यावर उगवलेले गवत मुळासकट काढले, कारण मुळांच्या वाटेने पाणी आत शिरते. भेगा बुजवून वर खारी मातीचा नवा थर दिला आणि उतार पन्हाळीकडे ठेवला. दुसरे काम लाकडाचे. भिंतीत गेलेले सराचे टोक हातोडीने ठोकून पाहिले. पोकळ आवाज आला की आतून वाळवी लागली असे समजावे. असे दोन सर निघाले. ते बदलणे परवडेना, म्हणून अर्ध्या भागावरचे धाबे उतरवून तिथे पत्रे टाकले. पत्र्याला भोक नेहमी नालीच्या वरच्या उंचवट्यावर पाडावे, खालच्या खोलगट भागात पाडले तर पावसाचे पाणी तिथूनच गळते. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात दिला तर ऊन परावर्तित होते आणि आतली धग कमी होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा हा स्वस्त उपाय विसरू नये.

तिसरे काम भिंतीचे, आणि इथे पुष्कळ जण चुकतात. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. वरून घर पक्के दिसते, पण भिंतीतली ओल बाहेर पडत नाही. माती आत भुसभुशीत होते आणि एक दिवस गिलावा मातीसकट गळून पडतो. माती, भुसा आणि शेण यांचाच गिलावा करावा. भिंतीच्या बुडाशी मात्र दगडाचा ओटा बांधून पावसाचे पाणी दूर काढावे. मातीची भिंत पडते ती बहुधा बुडाशी मुरलेल्या पाण्याने.

भिंतींइतकेच कागदही

घर दुरुस्त केले आणि कागद तसेच राहिले तर काम अर्धेच झाले. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसांची नोंद करून घ्यावी आणि घरपट्टी दर वर्षी भरावी. नमुना ८ ही मुळात कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पूर्ण पुरावा नव्हे, हेही ध्यानात असावे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक देण्याचे काम सुरू झाले. आपल्या घराची नोंद कोणाच्या नावाने झाली ते गावी जाऊन स्वतः पाहावे. कुलूपबंद घराची बाजू मांडायला कोणी नसते.

दुसरा कागद मुलांचा. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. पण एका राज्यातील अनुसूचित जातीच्या माणसाला दुसऱ्या राज्याच्या नोकरीत आरक्षण मागता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. सुरतेत जन्मलेल्या आपल्या मुलाचा हक्क असा महाराष्ट्राशीच बांधलेला राहतो. इकडे जातीचा दाखला काढताना कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून इथले असल्याचा पुरावा विचारला जातो. आजोबांचा शाळेचा दाखला, जुना उतारा, जन्माची नोंद हे कागद बहुतेक घरांत गावच्या पेटीतच असतात. धाबे गळले की पहिली भिजते ती पेटी. नानांच्या घरी त्यांच्या वडिलांच्या शाळेचा उतारा असाच एका कोपऱ्यातून विरलेला सापडला. या खेपेला त्यांनी शाळेतून त्याची नवी नक्कल काढली आणि एक प्रत सुरतेच्या पोटमाळ्यावर ठेवायला बरोबर घेतली.

घर विकायचे की ठेवायचे हा वाद अजून मिटलेला नाही. मुलाने एवढेच मान्य केले आहे की पुढची दोन वर्षे घरपट्टी आणि खारी मातीचा खर्च तो देईल, मग बघू. नानांना तेवढे पुरेसे वाटते.

नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली मागे टाकत गाडी उधन्याला आली. नानांनी पिठाची पिशवी उचलली. काठी मात्र नातवाने मागून घेतली. दहा-बारा वर्षांचे पोर, काठी त्याच्या दुप्पट उंच. गर्दीत कोणाच्या डोळ्याला टोक लागू नये म्हणून आक्का त्याच्या मागे ओरडत निघाल्या, "आडवी धर नको, उभी धर!"

वाचकहो, मृग लागायच्या आत एकदा गावी जाऊन या. धाब्यावर चढून पाहा आणि ती पेटी उघडून पाहा.