काचेपलीकडच्या बातम्या

माझे मधले चुलते, ज्यांना आम्ही घरचे सारे तात्या म्हणतो, स्मिता पाटीलचे चाहते आहेत. यात नवल काहीच नाही. त्यांच्या पिढीत स्मिता पाटीलचा चाहता नसलेला मराठी माणूस शोधून काढावा लागेल. परंतु तात्यांचे प्रकरण जरा निराळे आहे. 'भूमिका' चांगला, 'उंबरठा' फारच चांगला, हे ते कबूल करतात. पण कबूल करताना त्यांचा स्वर असा असतो, की एखाद्या थोर गवयाच्या अक्षराचे कोणी कौतुक करावे! "सिनेमे काय, साऱ्यांनीच पाह्यले," ते म्हणतात, "मी तिला बातम्या वाचताना पाह्यलंय."

हे वाक्य ते अंतरवाली सराटीच्या आमच्या ओसरीवर बसून उच्चारतात आणि पुढे गप्प होतात. समोरच्याने "खरंच?" असे विचारावे म्हणून ठेवलेली ती जागा असते. गेली पस्तीस वर्षे ती जागा मी भरत आलो आहे.

अंतरवाली सराटी हे अंबड तालुक्यातले, गोदावरीच्या खोऱ्यातले गाव. आज ते जालना जिल्ह्यात आहे. पण जालना जिल्हा झाला १९८१ साली. तात्या मुंबईला गेले तेव्हा आम्ही औरंगाबाद जिल्ह्याचे होतो. ते साल १९७२. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांपुढे हा आकडा उच्चारून पाहा; ती कोणत्याही विषयावर बोलत असोत, तो विषय तेथेच थांबतो. पाऊस गेला, विहिरी तळाला गेल्या, जनावरे मिळेल त्या भावाने गेली. रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर घरेच्या घरे खडी फोडायला बसली. परदेशातून आलेली ती लाल मिलो जोंधळा म्हणून खाल्ली आणि मुलांनी सुकडीच्या ओढीने रांगा लावल्या. आमच्या आजोबांनी दोन मुले खडीवर ठेवली आणि विशीतल्या तात्यांना एका ओळखीच्या माणसाबरोबर मुंबईला धाडले.

गिरणगावात त्या काळी माणूस दिसे तो कोकणातला नाहीतर साताऱ्याकडचा. मराठवाड्याचा माणूस तसा विरळाच. तात्या लालबागला एका खोलीत दहाबारा जणांबरोबर राहिले आणि एका कापड गिरणीत 'बदली' म्हणून लागले. बदली म्हणजे रोज दरवाजाशी जाऊन उभे राहायचे. कायमचा कामगार गैरहजर असला तर काम, नाहीतर परत. परत येण्याचे दिवस अधिक. आणि परत आलेल्या माणसाला खोलीतही जागा नसे, कारण तेथे रात्रपाळीवाले झोपलेले असत. म्हणून तात्या संध्याकाळपर्यंत रस्ते मोजीत. या रस्ते मोजण्यात त्यांना एका रेडिओच्या दुकानाची काच सापडली आणि काचेमागे टेलिव्हिजन सापडला.

मुंबईत टेलिव्हिजन सुरू झाला तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे दुष्काळाच्या ऐन तोंडावर. वरळीच्या केंद्रातून संध्याकाळचे काही तास कृष्णधवल चित्रे येत. तेव्हा ते केंद्र आकाशवाणीच्याच पदराखाली होते. 'दूरदर्शन' हे वेगळे बिऱ्हाड १९७६ साली थाटले गेले. संच महाग आणि त्याला सरकारी परवानाही लागे. ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी आख्खी चाळ. आणि ज्याची त्या चाळीतही ओळख नाही, त्याला दुकानाची काच. 'छायागीत' असले की त्या काचेपुढे पाय ठेवायला जागा नसे. बातम्या लागल्या की गर्दी पांगे. तात्या मात्र उभे राहात, कारण बातम्या मराठीत असत आणि कधी ना कधी आपल्या भागाचे नाव येईल अशी त्यांना आशा होती.

आणि बातम्यांना येई ती 'सावळी पोरगी'. तात्यांना तिचे नाव ठाऊक नव्हते. काठाची साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि कागदावरून मान वर करून पाहिले की काचेबाहेरच्या माणसालाच काही सांगते आहे असे वाटावे, असे डोळे. स्मिता पाटीलचा जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५ चा. घराणे खानदेशातल्या शिरपूरचे. वडील शिवाजीराव गिरधर पाटील राजकारणात, आई विद्याताई सेवाव्रती, स्वतः ती राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारातली. ओळखीच्या छायाचित्रकाराने काढलेली तिची छायाचित्रे टेलिव्हिजन केंद्रातल्या मंडळींच्या नजरेस पडली आणि महाविद्यालयात जाणारी ही मुलगी बातम्या वाचू लागली. ती जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढे बसे, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. मी ती प्रथम तात्यांना सांगितली तेव्हा त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "असंल. आपल्याला टेबलापस्तोरच दिसायची."

मराठीचा गंध नसलेले लोकही केवळ तिला पाहण्यासाठी मराठी बातम्या लावीत, असे त्या काळचे मुंबईकर सांगतात. श्याम बेनेगलांनी तिला बातम्या वाचतानाच पाहिले आणि १९७५ साली 'चरणदास चोर' व 'निशांत' या चित्रपटांतून ती पडद्यावर आली. म्हणजे एका अर्थी तिचा पुढचा सारा मोठेपणा त्या बातम्यांतून निघाला. चित्रपट आपल्याजवळ आहेत. ज्या बातम्यांतून ते निघाले त्या मात्र नाहीत.

मी त्यांचा पुष्कळ शोध घेतला. छायाचित्रे मिळाली, मुलाखती मिळाल्या, तिच्याबरोबर काम केलेल्यांच्या आठवणी मिळाल्या. बातमी वाचणारी, हलती-बोलती स्मिता काही मला पाहायला मिळाली नाही. याचे कारण साधे आहे. बातम्या थेट वाचल्या जात. निवेदिका वाचीत असे आणि त्याच क्षणी ते चित्र हवेत जाऊन घरोघर उमटत असे. मध्ये कोठे ते साठत नसे. त्या काळची ध्वनिचित्रफीत मोठी महाग, परदेशाहून यायची. एका फितीवरचे पुसून तिच्यावरच दुसरे घेणे हाच काटकसरीचा मार्ग. आपल्या आईने जुन्या लुगड्याची गोधडी शिवावी, तितक्या सहजपणे हे होत असे. त्या दिवशीचा कार्यक्रम त्या दिवशी संपला. तो पन्नास वर्षांनी कोणाला पाहावासा वाटेल, हे त्या वेळी कोणाच्या गावीही नव्हते.

यासाठी आपल्याच केंद्राला बोल लावण्याचे कारण नाही. विलायतेत बीबीसीसारख्या मातबर संस्थेने हेच केले. तेथे १९६४ पासून चाललेल्या 'टॉप ऑफ द पॉप्स' नावाच्या गाण्यांच्या कार्यक्रमाचे सुरुवातीच्या वर्षांतले कितीतरी भाग पुसले गेले. १९७० च्या सुमारास तिकडे तोंडाला रंग आणि अंगावर चमचमते कपडे चढवून गाणाऱ्यांची एक लाट आली होती. आपल्या तमाशातल्या नाच्यालाही लाजवील असा थाट. त्यांपैकी डेव्हिड बोवी या गायकाचा जानेवारी १९७३ मधला एक कार्यक्रम कायमचा गेला असे सारे धरून चालले होते. पण त्या दिवशीच्या एका कॅमेरामनने आपल्यापुरती एक प्रत करून घेतली होती; ती २०११ साली उजेडात आली आणि साठीला टेकलेले चाहते डोळे पुसत ती पाहात बसले. अमेरिकेची गोष्ट तर याहून वरताण. माणूस चंद्रावर उतरल्याची जी चित्रे जगाने १९६९ साली पाहिली, त्यांच्या नकला आहेत; पण चंद्रावरून आलेली अधिक स्पष्ट चित्रे ज्या मूळ फितींवर होती, त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असे नासाला २००९ साली सांगावे लागले. चंद्राची ही अवस्था, तेथे लालबागच्या काचेतली बातमी कोण जपणार!

आता तात्यांच्या मुख्य हकीकतीकडे वळतो, कारण आमच्या घरात या प्रश्नावर आजही एकमत नाही.

तात्या सांगतात ते असे: १९७३ चा जून. ते काचेपुढे उभे. ती सावळी पोरगी कागदावरून मान वर करते आणि सांगते, की मराठवाड्यात पाऊस झाला. तात्या तसेच खोलीवर गेले, वळकटी बांधली, बोरीबंदरहून मनमाड गाठले, मनमाडहून मीटरगेजच्या गाडीने जालना, तेथून एस. टी. आणि शेवटी चिखल तुडवीत घर. पेरणीला हात लागला. आजोबांनी विचारले, "तुला कुणी सांगितलं रे?" तात्या म्हणाले, "बाईनं सांगितलं." त्या एका उत्तरावरून आजीने मुंबईच्या त्या बाईविषयी जी चौकशी आरंभिली, ती पुढे बरेच दिवस चालली म्हणतात.

काकू म्हणतात, हे सारे खोटे. बातमी रेडिओवर ऐकलेली. काकूंचे तात्यांशी लग्न झाले ते पुढे चार वर्षांनी, तेव्हा त्या साक्षीदार नाहीत. पण त्यांचा मुद्दा बिनतोड आहे: काच बंद असताना आतला आवाज बाहेर येईलच कसा? यावर तात्यांचे उत्तर, की उकाड्यामुळे दुकानाचे दार उघडे होते. काकू विचारतात, मग पाऊस पडत होता की उकाडा होता? तात्या म्हणतात, "पाऊस मराठवाड्यात होता. उकाडा मुंबईत होता."

माझ्या वडिलांचे म्हणणे तिसरेच. ते तेव्हा शाळेत होते. पाऊस पडल्याचे कार्ड आपणच लिहिले, आजोबा सांगत होते आणि आपण लिहीत होतो, हे त्यांना लख्ख आठवते. शिवाय त्यांनी हिशेबही काढला आहे, की त्या जूनमध्ये स्मिता पाटीलला अठरावेही पुरे झालेले नव्हते. कार्ड दाखवा म्हणावे तर ते लालबागच्या खोलीत तारेला टोचलेले होते. तार, खोली आणि ती चाळ, यांतले आता काहीही नाही. म्हणजे दोन्ही पक्षांचा पुरावा सारखाच गहाळ.

माझा स्वतःचा तर्क असा, की तात्या खरीप उरकून मुंबईला परतले आणि पुढे दोन वर्षे तेथे राहिले. त्या दोन वर्षांत त्यांनी तिला पोटभर पाहिले आणि पावसाची बातमी, जिने कोणी दिली असेल तिच्याकडून काढून, हिच्या ओंजळीत घातली. पण हा माझा तर्क मी तात्यांपुढे कधी मांडला नाही, आणि मांडणारही नाही. त्याचे कारण माझ्या पेशात आहे.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि दरवर्षी 'लीळाचरित्र' शिकवताना मला तात्यांची आठवण होते. चक्रधरस्वामी याच गोदाकाठाने हिंडले. त्यांच्यामागे म्हाइंभट, ज्यांनी ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडे गेले आणि स्वामी काय बोलले, कसे बसले, काय जेवले, हे विचारून घेतले. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली आणि पंथातल्या लोकांनी ती आपल्या आठवणीतून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. आठवणी अर्थातच एकसारख्या निघाल्या नाहीत. पण त्या लोकांनी एक फार मोठी गोष्ट केली. एकाचे खरे मानून दुसऱ्याचे खोडले नाही. अमक्याचा पाठ असा, तमक्याचा पाठ असा, अशी नावानिशी नोंद ठेवली. हिराइसा नावाच्या एका स्त्रीच्या स्मरणातला पाठही त्यांत मानाने आहे. आमच्या घरात तात्यापाठ, काकूपाठ आणि बाबापाठ असे तीन पाठ आहेत, एवढेच मी विद्यार्थ्यांना सांगतो. ती हसतात आणि मग 'पाठभेद' हा शब्द त्यांना परीक्षेपर्यंत विसरत नाही.

१९८२ साली 'उंबरठा' आला तेव्हा तात्या तो पाहायला मुद्दाम जालन्याला गेले आणि शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी गृहस्थाला त्यांनी सांगितले, "ही आधी बातम्या द्यायची." १३ डिसेंबर १९८६ रोजी ती गेली. अवघी एकतीस वर्षांची. ती बातमी मात्र नक्की रेडिओवरच ऐकली, याबद्दल आमच्या घरात वाद नाही. त्या रात्री तात्या जेवले नाहीत आणि काकूंनीही आग्रह केला नाही. आमच्याकडे टेलिव्हिजन आला तो त्यानंतर, 'महाभारत' चालू असताना. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. संध्याकाळच्या मराठी बातम्या लागल्या की तात्या पुढे सरकून बसत, निवेदिकेकडे पाहात, आणि थोड्या वेळाने मागे टेकत.

मग २०२३ चा ऑगस्ट-सप्टेंबर आला. मराठा आरक्षणासाठी आमच्या गावात उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि ज्या गावाचे नाव सांगताना आम्हाला तालुकाही सांगावा लागे, ते देशभर गेले. छत्र्या लावलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेने उभ्या राहिल्या. त्या राजकारणाविषयी लिहिण्याची ही जागा नाही. मी सांगतो आहे ते तात्यांचे. पन्नास वर्षांपूर्वी जो माणूस परक्या शहरात काचेपुढे उभा राहून आपल्या भागाचे नाव येते का म्हणून वाट पाहात होता, त्याने आपले पार, आपली वेस, आपली माणसे घरात बसून टेलिव्हिजनवर पाहिली. पुसले जाण्याची भीती आता कशालाच नाही. गावातल्या प्रत्येक खिशात त्या दिवसांची चित्रे साठवलेली आहेत. तात्या बराच वेळ पाहात होते. मग म्हणाले, "ही बाई एवढी मोठ्यानं का बोलती? ती मोठ्यानं नव्हती बोलत."

गेल्या मे महिन्यात सुट्टीत मी गावी गेलो तेव्हा तात्यांना ओसरीवर बसवले, मोबाइल समोर उभा केला आणि म्हटले, तिने ती बातमी कशी दिली ते एकदा करून दाखवा. आजवर त्यांनी ती सांगितली होती, दाखवली कधी नव्हती. प्रथम ते लाजले. मग टोपी नीट केली, घरातून एक वर्तमानपत्र मागवून घडी घातली आणि ती दोन्ही हातांत धरून ताठ बसले. खाली पाहून काहीतरी पुटपुटले. मग मान वर केली. सत्तरी ओलांडलेल्या त्या रापलेल्या चेहऱ्यावर भुवया किंचित उचलल्या गेल्या, डोळे स्थिर झाले, आणि अगदी हलक्या, शहरी, स्वच्छ मराठीत ते म्हणाले, "मराठवाड्यात पाऊस झाला आहे." 'हाय' नाही, 'आहे'.

त्या चित्रीकरणात याच्या पुढे स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येतो, "रेडिओ होता तो!" तो मी कापलेला नाही.